कौतिक आबांचा राहिलेला चहा

६ मार्च २०२६
केरळच्या किनाऱ्यावरून, बोटीतून

तीर्थरूप सुकदेव नाना,

मी इकडे पाण्यावर खुशाल आहे, तुम्ही आणि अक्का तिकडे सोनगीरला जमिनीवर खुशाल असाल असं धरून चालतो. माझी खोली इतकी लहान आहे की तुम्हाला मनोमन नमस्कार करायला वाकलो तरी डोकं फळीवर आपटतं. आपटलं. तेव्हा नमस्कार पोचला असं समजा.

फोनवर तुम्ही ‘हां’ आणि ‘बरं’ यांच्या पलीकडे जात नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो तुमच्या सूनबाईंच्या, नूतनवहिनींच्या मोबाइलवर पाठवतोय. वहिनी, नानांना सावकाश वाचून दाखवा. मध्येच ते ‘पुढे चाल’ म्हणतील, तरी काही गाळू नका.

तुमच्या दुकानात जळालेल्या मोटरी भरायला तीन वर्षं तांब्याची तार ओढलेला हा पोरगा आता एका यॉटवर वीजकामाला आहे. यॉट म्हणजे श्रीमंतांची हौसेची बोट. हिला मासे पकडायचे नाहीत की माल वाहायचा नाही. मालकांनी वर्षातून महिनाभर येऊन बसायचं आणि उरलेले अकरा महिने आम्ही नऊ जणांनी ती पुसायची. मालक सुरतेचे. मी धुळ्याकडचा म्हटल्यावर ‘म्हणजे आपल्या तापीचा माणूस’ म्हणाले, आणि तेव्हापासून जरा बऱ्या नजरेने बघतात. खरं तर मी पाचोऱ्याचा. पण काम कुठे शिकलास असं कोणी विचारलं की तोंडातून आधी सोनगीरच येतं.

आता मुद्द्याचं. बोट धक्क्याला लागली की जनरेटर बंद करून किनाऱ्याची वीज घ्यायची असते. धक्क्यावर कमरेएवढा खांब, त्यात सॉकेट. तिथून मनगटाएवढी केबल बोटीत येते आणि इन्व्हर्टरच्या तोंडाशी पोचते. हा इन्व्हर्टर आपल्या घरातल्यासारखाच, फक्त कपाटाएवढा. किनाऱ्याची वीज चांगली असली तर तीच पुढे सोडतो आणि बॅटऱ्या भरत बसतो. व्होल्टेज दोनशेच्या खाली गेलं की किनारा सोडून देतो आणि बॅटरीवर बोट चालवतो.

घोडं अडलंय ते इथे. सकाळी सगळं बंद असताना मीटर दोनशे एकतीस दाखवतं. एसी आणि स्वयंपाकघरातली भट्टी सुरू झाली की इन्व्हर्टर खट करून किनारा सोडतो. सोडला की मीटर पुन्हा दोनशे एकतीस, जसं काही झालंच नाही. मिनिटाभराने तो पुन्हा किनारा धरतो, पुन्हा खट. दिवसभर हेच. बॅटऱ्या बिचाऱ्या भरतच नाहीत. कॅप्टन म्हणतो इन्व्हर्टर गेला, नवा मागवू. कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो सेटिंग खाली करा, दोनशेऐवजी एकशेऐंशीला सोडायला सांगा, म्हणजे खटखट बंद. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काही दाखवताही येत नाही. पाडव्याला मालक आईला घेऊन येणार आहेत आणि त्या म्हातारीला उकाडा अजिबात सोसत नाही.

लाइन मी स्वतः तपासली आहे. खांबावर मीटर लावलं, बोटीत लावलं, दोन्हीकडे आकडा बरोबर. तसं कॅप्टनला कागदावर लिहून सही करून दिलंय.

नाना, विचारायला इथे मोठमोठे इंजिनियर आहेत. तुम्हाला का विचारतोय ते मलाही नीट सांगता येत नाही. परवा इन्व्हर्टरची खटखट ऐकत बसलो होतो तेव्हा एकदम कौतिक आबांच्या विहिरीवरचा स्टार्टर डोळ्यासमोर आला. त्या स्टार्टरचं मला तुम्हाला केव्हाचं एक... असू द्या, ते नंतर कधीतरी. आबा बरे आहेत ना? किल्ल्यामागचं शेत अजून तेच बघतात का?

तुमची लाल मुठीची पक्कड अजून माझ्या पिशवीत आहे. मूठ दोनदा बदलली, पक्कड तीच. इथे जर्मनीच्या पकडी आहेत, पण हात आधी हिच्याकडेच जातो.

अक्कांना सांगा, त्यांच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची आठवण येते. इथला आचारी फार शिकलेला आहे, पण कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ हे त्याला समजावता समजावता माझी भूक निघून गेली.

आपला,
प्रेमराज

---

सोनगीर
१० मार्च २०२६

प्रेमराज भाऊजींना नूतनचा नमस्कार.

तुमचं पत्र ओट्यावर बसून मी नानांना दोनदा वाचून दाखवलं. काहीही गाळलं नाही. कळण्याची भाकरी ऐकून अक्का आत गेल्या त्या डोळे पुसतच बाहेर आल्या आणि ‘कांदा चिरी राहिंतू’ म्हणाल्या. हातात कांदा नव्हता.

नाना काय म्हणाले ते मी त्यांच्याच बोलीत उतरवून घेतलंय. शाळेत मुलांना प्रमाण मराठी शिकवते, पण नानांचं बोलणं प्रमाण मराठीत केलं तर त्यातला मिस्तरी निघून जातो.

नाना म्हणाले: ‘लिखी ले. मीटर काय सांगस ते माले नको सांगू. रिकामी लाइन समदासनीच चांगली राहस. लाइन तपासी म्हनस, मंजे काय करं? चहा व्हयना का?’

मी म्हटलं, नाना, बोटीच्या लाइनचा आणि चहाचा काय संबंध? तर म्हणाले, ‘तू लिख. त्याले समजी.’

तुम्हाला समजलं असेल. मला समजावं म्हणून तुमच्या मित्राने, म्हणजे आमच्या ह्यांनी, दीपकनी, माळ्यावरून ती फळी काढून दाखवली. फळीवर शेगडीच्या दोन कॉइली, एकीला एक जोडलेल्या. सगळे तिला ‘नानांची चूल’ म्हणतात ते मला ठाऊक होतं. मोटर बसवायला गेले की नाना विहिरीवर त्या चुलीवर चहा करून शेतकऱ्याला पाजायचे, हेही ऐकलं होतं. मला वाटायचं, नानांचा स्वभाव प्रेमळ, म्हणून. दीपकनी खरं काय ते सांगितलं. चूल लावली की लाइनवर भार येतो. कुठे जॉइंट कच्चा असेल तर भार आल्यावरच कळतं, चहाला उशीर लागतो. तीन तारांच्या तीन जोड्या, तिन्हींवर चहा सारख्याच वेळात उकळला तरच मोटर सुरू करायची. आणि शेतकऱ्याला ‘लाइन तपासतो’ म्हटलं तर तो घाई करतो, ‘चहा पिऊ’ म्हटलं तर बसतो. म्हणून त्याला खरं कधी सांगायचं नाही. इतकी वर्षं या घरात आहे आणि हे मला परवा कळलं. मिस्तरी लोक भारी आतल्या गाठीचे.

पुढे नाना म्हणाले: ‘खांबपाईन सुरू कर. पहिला चहा खांबवर. मंग केबलना शेवटले. मंग इन्व्हर्टरना तोंडले. जठे उशीर लागी, त्याना मांगे खराबी शे. आनि सेटिंग खाले नको करू. मशीन कुरकुर करस ते आपला भलासाठे करस.’

आता घरची बातमी. नानांचे हात आता बारीक तार धरताना थरथरतात. येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, दुकान रीतसर दीपकच्या हाती देणार आहेत. शेतांवरचे सालदार बदलतात त्याच दिवशी मिस्तरीही बदलावा असं त्यांचं म्हणणं. हत्यारांची पूजा, मग आमरस-पुरणपोळी. आजूबाजूच्या गावांतली जुनी गिऱ्हाईकं येणार आहेत.

कौतिक आबा ठणठणीत आहेत. तेही येतील आणि त्यांची ती ठरलेली गोष्ट सांगतील, त्याची मला आतापासून धास्ती आहे. दर आखाजीला आमच्या ओट्यावर बसून चारचौघांत सांगतात: ‘आखा जन्ममा सुकदेवनी भरेल एकच मोटर जळनी, आनि ती मन्ही. त्याना पोऱ्यानी माले चहा पाजा नही, म्हनीसन जळनी.’ लोक हसतात. आबांच्या मनात काही नसतं, पण नाना तेवढ्यापुरते उठून आत जातात. त्या एका मोटरीनंतर दोन वर्षं दुकान कसं ओस पडलं होतं ते दीपक अजून सांगतात. लोक मोटरी धुळ्याला न्यायला लागले होते म्हणे. आणि आता निरोपाच्या दिवशीही हीच गोष्ट निघणार. आबांना कोण सांगणार?

तुम्ही दहा वर्षांत सोनगीरला आला नाहीत. फोन करता तो दीपकना. नाना विचारत नाहीत, पण तुमचा फोन आला की टीव्हीचा आवाज कमी करतात.

पत्र बंद करताना नानांना विचारलं, अजून काही लिहू का? उठून दारापर्यंत गेले. मग म्हणाले, ‘चूल माळावर शे, सांगी दे.’

तुमची वहिनी,
नूतन

---

२१ मार्च २०२६
बोटीतून

तीर्थरूप नाना,

आधी बोटीचं सांगतो, कारण ते सोपं आहे.

वहिनींचं पत्र वाचल्यावर मी सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि आचाऱ्याकडून विजेची किटली, साखर, चहापत्ती आणि दूध मागून घेतलं. धक्क्यावरच्या वीजवाल्याला बरोबर घेतलं. खांबावर, भर दुपारी, बारा वाजता पहिला चहा. किटलीच्या जोडीला इस्त्री लावली, म्हणजे भार पुरेसा. चार मिनिटं दहा सेकंदांत उकळी, मीटर दोनशे अठ्ठावीसवर. कॅप्टन वरच्या मजल्यावरून बघत होता. त्याला वाटलं असणार, खानदेशी माणसाला ऊन लागलं.

मग केबलच्या बोटीकडच्या टोकाला दुसरा चहा. तीच किटली, तेवढंच पाणी, तीच इस्त्री. पाच मिनिटं उलटून गेली तरी नुसतीच सूं-सूं. मीटर बघितलं तर दोनशे चार. इस्त्री काढली की वर चढायचं, लावली की खाली यायचं. उकळी आली तेव्हा साडेपाच मिनिटं होऊन गेली होती. तेवढ्यात तो वास आला. नाना, तो जळक्या तारेचा वास मी अकरा वर्षांनी घेतला आणि किटली तशीच सोडून खांबाकडे धावलो.

तिसरा चहा करायची गरज पडली नाही. खांबावरची वीज बंद केली आणि बोटीकडचा प्लग उघडला. एका पिनचा स्क्रू ढिला, खाऱ्या हवेने हिरवा पडलेला. पिन काळी, तारेचं प्लास्टिक वितळून तपकिरी. रिकाम्या लाइनला ती पिन पुरत होती, भार आला की दम तोडत होती. इन्व्हर्टर बिचारा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता आणि आम्ही त्यालाच बदलायला निघालो होतो. सेटिंग खाली केलं असतं तर खटखट थांबली असती आणि ती पिन आत गुपचूप जळत राहिली असती, मालकांची आई झोपते त्या खोलीच्या भिंतीमागे.

नवा प्लग लावला. तीन ठिकाणी तीन चहा, तिन्ही सारख्या वेळात. परवा पाडव्याला म्हातारी आली, एसीत शाल घेऊन बसली आणि थंडी वाजते म्हणून कुरकुरली. ती कुरकुर ऐकून मला झालेला आनंद कोणाला सांगू?

कॅप्टनला मी जो कागद दिला होता, ‘लाइन तपासली, ठीक आहे’, तो परत मागितला. त्यावर लिहिलं, ‘हे मी चुकीचं लिहिलं होतं. भार न टाकता तपासलं होतं.’ खाली पुन्हा सही केली. कॅप्टनने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, चहा उरलाय का?

नाना, एका ओळीची ती दुरुस्ती लिहायला मला अर्धा तास लागला. लिहिल्यावर मात्र पेन हातातच राहिलं. म्हणून आता दुसरी दुरुस्ती करतो. ती अकरा वर्षं राहिली आहे.

वहिनी, इथून पुढचंही मोठ्याने वाचा. अडखळलात तरी थांबू नका. आणि दीपक घरात असेल तर त्यालाही बोलवा.

त्या दिवशी कौतिक आबांची मोटर आबांच्याच ट्रॅक्टरवरून पुढे गेली आणि मी मागून सायकलवर निघालो. चूल माझ्या कॅरिअरला होती. चैत्राचं ऊन, फळी जड, दर खड्ड्याला कॅरिअर एका बाजूला ओढायचं. फाट्यावरच्या रसवंतीत दोन ग्लास रस प्यायलो आणि फळी तिथेच बाकाखाली सरकवून दिली. म्हटलं, येताना घेऊ. विहिरीवर पोचलो तर आबा घायकुतीला आलेले, ‘तीन वाजता लाइट जाई, लवकर कर.’ मला ते बरंच पडलं. स्टार्टरच्या मीटरवर तिन्ही आकडे चांगले दिसले. बटण दाबलं. पाणी धो धो आलं, आबा खुश, मीही खुश. येताना बाकाखालची फळी उचलली आणि दुकानात आणून ठेवली. तुम्ही तार मोजत होतात. मान वर न करता विचारलंत, ‘चहा व्हयना का?’

मी म्हणालो, ‘झाला, नाना.’

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटर जळाली. तुम्ही मला ती सोडवून आणायला पाठवलंत. केबल वर ओढली तर मधल्या जॉइंटची टेप वितळलेली. तीनपैकी एक तार काळी होऊन दोन धाग्यांवर लोंबत होती. आणि तोच वास. चूल लावली असती तर पहिल्याच जोडीवर कळलं असतं. मी इकडे तिकडे बघितलं. कोणी नव्हतं. तुम्ही दिलेल्या पकडीने तो तुकडा कापला, विहिरीत टाकला आणि नवा जॉइंट मारला.

दुकानात तुम्ही मोटर उघडलीत तेव्हा मी तुमच्या मागे उभा होतो. समोर कौतिक आबा, आणखी चार-पाच माणसं. आबा तोंडाला येईल ते बोलत होते. कांदा पोसायला आला होता आणि पाणी बंद पडलं होतं, त्यांचा काही दोष नव्हता. तुम्ही किती तरी वेळ आत बघत राहिलात. मग एकदाच मागे वळून माझ्याकडे बघितलंत. आणि आबांना म्हणालात, ‘भरनी मन्ही, चूक मन्ही. परत भरी देसू.’

मला तेव्हा वाटलं, सुटलो. नाना खरंच फसले.

दोन दिवसांनी तीच मोटर घेऊन तुम्ही मलाच परत पाठवलंत. चूल तुम्ही स्वतः कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधलीत आणि म्हणालात, ‘तिन्ही जोड्यासवर.’ बस, इतकंच. मी तिन्ही जोड्यांवर चहा केला. आबा रागाने विहिरीवर आलेच नव्हते. तिन्ही चहा मी एकट्याने प्यायलो. इतका कडू चहा मी आयुष्यात प्यायलो नाही, आणि साखर तर नेहमीएवढीच घातली होती.

पुढच्या वर्षी तुमची चिठ्ठी घेऊन मुंबईला बोटींच्या कारखान्यात लागलो. ‘पोऱ्या मेहनती आहे, हात सरळ आहे,’ असं तुम्ही लिहिलं होतं. तिथे पहिल्याच पावसाळ्यात माझ्याकडे एक जळालेली मोटर आली. उघडली तर दोन फेजच्या गुंडाळ्या कोळसा झालेल्या आणि तिसरी जशीच्या तशी, पिवळीधमक. तिथला मिस्तरी बाजूने जाता जाता म्हणाला, ‘एक फेज, तीनातली एक तार, तुटली होती हिची. भरणारा खराब असता तर असं जळत नाही.’

मी हातातलं काम ठेवून खाली बसलो. कौतिक आबांची मोटर अगदी तशीच जळाली होती. तुमच्या खांद्यावरून मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. मला वाचता आली नव्हती. तुम्ही तर तेव्हा तीस वर्षं मोटरी भरत होतात.

म्हणजे तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं. आबा ‘चहा पाजा नही’ म्हणून ओरडले तेव्हा उरलंसुरलंही कळलं. तुम्ही मागे वळून माझ्याकडे बघितलंत ते मी सांगतो का हे बघायला. मी सांगितलं नाही. मग तुम्ही ते स्वतःच्या अंगावर घेतलंत.

नाना, मी सोनगीरला आलो नाही तो कामामुळे नाही. सुट्टी मिळत होती. दीपकच्या लग्नालाही मिळाली होती. तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे, हे दोघांच्या मध्ये घेऊन तुमच्यासमोर जेवायला कसा बसू? म्हणून फोन दीपकला करायचो आणि मागे टीव्हीचा आवाज ऐकू येतो का बघायचो. तो आवाज मध्येच कमी व्हायचा. मला वाटायचं, तुम्ही उठून गेलात. वहिनींनी लिहिलं तेव्हा कळलं की तुम्ही ऐकत होतात.

आणि म्हणूनच सोनगीर सोडल्यापासून मी एकदाही चूल लावली नाही. भारी भारी मीटर विकत घेतली, चुलीचं नाव काढलं नाही. या बोटीवरही तीच चूक केली आणि वर सहीही ठोकली. तुम्ही ‘चहा व्हयना का’ असं विचारलं नसतंत तर तिसऱ्यांदाही केली असती.

तुम्ही त्या दिवशी चारचौघांत माझं नाव घेतलं असतंत तर मी त्याच रात्रीच्या गाडीने पाचोऱ्याला पळालो असतो आणि पुन्हा कधी तारेला हात लावला नसता. एकोणीस वर्षांचं पोर, दुसरं काय करणार? माझी चूक तुम्ही तुमच्या नावावर घेतलीत. लोक मोटरी धुळ्याला न्यायला लागले, तरी एका शब्दाने मला बोलला नाहीत. वर चिठ्ठीत ‘हात सरळ आहे’ लिहिलंत. मी आज जे दोन घास खातोय, ही बोट, हा समुद्र, घरी आईच्या खोलीत लागलेला कूलर, सगळं तुम्ही त्या दिवशी जे बोललात आणि जे बोलला नाहीत त्यातून आलेलं आहे. हे ‘आभार’ या शब्दात मावत नाही, पण दुसरा शब्द मला येत नाही. आभारी आहे, नाना. फार आभारी आहे.

पण तुमचं नाव चारचौघांत गेलं, ते मी चारचौघांतच परत आणणार. तुम्ही ‘जावू दे’ म्हणाल. या वेळी ऐकणार नाही. तीन वर्षांत तुमचं सगळं ऐकलं, हे एक राहू द्या.

मला आखाजीला रजा मिळाली आहे. मी आदल्या दिवशी सकाळी पोचतो. दीपकला सांगा, चूल माळ्यावरून काढून पुसून ठेव, कॉइली नव्या मी आणतो. अक्कांना सांगा, एक मोठं पातेलं लागेल. पूजा झाली, माणसं बसली की कौतिक आबांना पुढे बसवा आणि त्यांना त्यांची गोष्ट सांगू द्या, अडवू नका. ‘चहा पाजा नही’ इथपर्यंत आले की मी चूल लावेन. पहिल्या जोडीवर उकळी येईपर्यंत त्यांना आणि सगळ्यांना जॉइंटचं सांगेन, दुसरीवर विहिरीतल्या तुकड्याचं, तिसरीवर तुमचं. आबांना पहिला कप. त्यांनी तो माझ्या अंगावर ओतला तरी माझी तक्रार नाही.

तुम्ही मात्र तेवढ्यापुरते उठून आत जाऊ नका. तिथेच बसा, आणि मान वर करून मला पुन्हा एकदा तेच विचारा. मला त्याचं उत्तर द्यायचं आहे.

चहा न करताच ‘झाला’ म्हणालेला, आणि तरीही तुम्ही ज्याला आपला म्हटलंत,
तो तुमचा
प्रेमराज